पायलट नव्हते, मग फलकावर काय लिहायचं?

माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं या सदरात घेतो. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी हवाई दलात वीस वर्षं एअरफ्रेम फिटर होतो, सार्जंट म्हणून बाहेर पडलो आणि आता कारंजा लाडला राहतो. या खेपेला पहिल्या पत्रानंच बरीच जागा खाल्ली आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : आमचं गाव दारव्हा तालुक्यात आहे. माझे आबाजी हवाई दलातून १९७६ साली पेन्शनवर आले आणि मागच्या पौषात, वयाच्या ८८ व्या वर्षी गेले. गावात सगळे त्यांना 'पायलटबाबा' म्हणत. ग्रामपंचायतीनं वाचनालयाला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं आहे. फलकावर 'युद्धवीर पायलट' लिहायचं म्हणून पेंटरला पैसेही दिले. पण आबाजींच्या पेटीत डिस्चार्जचा कागद सापडला. त्यावर 'सार्जंट' आणि 'फिटर' आहे, विमान चालवल्याचा कुठं उल्लेख नाही. काका म्हणतात, "गप राह्य, गावात हसं होईल." आजी काहीच बोलत नाही. आबाजी आम्हाला खोटं सांगत होते का? आणि फलकावर काय लिहायचं?
– एक नातू

उत्तर : बाबू, तुझ्या पत्रातला 'खोटं' हा शब्द मला टोचला. कारंज्याहून तुमचं गाव काही लांब नाही, म्हणून बुधवारी एसटीत बसलो आणि आलो. तू कॉलेजात होतास. तुझ्या आजीनं चहा पाजला, पेटी दाखवली, मागचा कोठाही दाखवला. तेव्हा उत्तर लांबणार आहे.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. हवाई दलात एक अधिकारी असतात आणि बाकीचे एअरमन. सरकारी मराठीत त्यांना वायुसैनिक म्हणतात. लढाऊ विमान चालवणारा पायलट हा अधिकारी. एअरमन बहुतेक जमिनीवर: कुणी इंजिन पाहतो, कुणी सांगाडा, कुणी गोळ्या-बॉम्ब भरतो, कुणी वायरलेसवर, कुणी रडारवर, कुणी मेसमध्ये. आपल्याकडे पोरगा भरती झाला की गाव म्हणतं, 'तो विमानात हाय.' विमानात आहे म्हणजे चालवतच असणार, असा सरळ हिशेब. आमच्या गल्लीतही मला 'पायलटसाहेब' म्हणणारे तीन-चार जण आहेत. त्यातल्या एकाला मी पंधरा वर्षं समजावतोय. तो दर वेळी हात जोडून म्हणतो, "साहेब, हा तुमचा मोठेपणा." आता याला काय करता!

आजीला मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी आधी सांगत होते, मी पायलट नोहोय म्हून. मंग म्हनत, किती जनाइले सांगू? ज्याले काम पडते त्याले मालूम हाय." म्हणजे माणूस सांगून सांगून दमला होता. त्याला खोटं म्हणू नकोस.

आता फिटर म्हणजे काय ते ऐक, कारण काकांची खरी अडचण तिथं आहे. त्यांना वाटतं पायलटचा फिटर झाला म्हणजे आबाजींची किंमत उतरली. विमान उडण्याआधी तपासलं जातं. इंजिनवाला इंजिन पाहतो, माझ्यासारखा सांगाडा, चाकं, ब्रेक पाहतो, आर्मरर तोफा पाहतो. काम झालं की ज्यानं त्यानं विमानाच्या वहीत सही करायची. त्या वहीला आम्ही 'सेव्हन हंड्रेड' म्हणतो, कारण फॉर्मचा नंबर ७००. सगळ्यांच्या सह्या झाल्या की पायलट येतो, पान वाचतो आणि शेवटी स्वतः सही करतो. तेव्हा विमान त्याच्या ताब्यात जातं. तो इंजिन उघडून बघत बसत नाही. त्यानं बघायची ती तुझ्या आबाजींची सही. आणि वर काही बिघडलं तर खाली पहिली मागतात ती हीच वही.

सही केल्यावर झोप येते का, असं मला एका भाच्यानं विचारलं होतं. पहिली दोन वर्षं येत नाही. रात्री अंथरुणातून उठून हँगरपर्यंत, म्हणजे विमानांच्या शेडपर्यंत, चालत गेलेली पोरं मी पाहिली आहेत. आपण ती झाकणी बंद केली का, एवढंच बघायला. मीही गेलोय.

तुझ्या आबाजींचा ट्रेड इंजिनचा, आणि आजींच्या बोलण्यात 'पठाणकोट' आणि 'नॅट' हे दोन शब्द सारखे येत होते. नॅट हे इंग्रजांचं डिझाइन, आपल्याकडे बंगळूरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात बांधलेलं छोटं लढाऊ विमान. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम २२ फूट. बैल जुंपलेली कापसाची बंडी तुमच्या फाट्यावर उभी केली तर साधारण तेवढीच भरेल. विमान लहान म्हणून सगळं आत कोंबलेलं. हात घालायला जागा नाही, दिसत नाही, बोटांनी चाचपून नट शोधायचा. ज्यांनी नॅटवर काम केलं त्यांच्या मनगटांवर ओरखड्यांचे व्रण असत. आबाजींच्या हातावर होते का, ते तुला माहीत.

६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पाकिस्तानची सेबर विमानं पठाणकोटवर आली. जमिनीवर उभी असलेली आपली दहाच्या आसपास विमानं गेली, त्यात नवी कोरी दोन मिग-२१ होती. असा हल्ला होतो तेव्हा फिटर कुठं असतो? त्याच डांबरावर. आणि हल्ला संपला की खंदकातून निघून पहिलं काम, जे विमान वाचलंय ते उडण्यालायक करणं. पुढं २३ सप्टेंबरला युद्धविराम होईपर्यंत तेच: उतरलं की तेल भरा, गोळ्या भरा, इंजिन बघा, सही करा, वर पाठवा. मी स्वतः १९७४ साली भरती झालो, माझं एकही युद्ध नाही. पण मला शिकवणारे कॉर्पोरल-सार्जंट त्या दिवसांतले होते. त्यातले एक म्हणत, "बूट काढले ते फक्त पाय शाबूत आहेत का बघायला."

१४ डिसेंबर १९७१ ची श्रीनगरची गोष्ट शाळेच्या पुस्तकापुरती तुला माहीत असेल. सहा सेबर हल्ल्याला आली आणि फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊन त्यांच्यावर गेले, परत आले नाहीत. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. बॉम्ब पडत असताना ते विमान एका झटक्यात सुरू झालं आणि उडालं. थंडी काश्मीरची, डिसेंबरातली. त्या थंडीत इंजिन एका झटक्यात सुरू होतं ते कुणी तरी पहाटे बोटं बधिर होईपर्यंत त्यावर घातलेली असतात म्हणून. काकांना एवढंच वाचून दाखव.

आता कोठ्याचं. बैल विकल्यापासून तिथं फवारणीचे पंप आणि मोडकी सायकल पडली आहे, पण डाव्या भिंतीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं पान्यांचे आकार रंगवलेले आहेत, एकाखाली एक. तू लहानपणापासून ते बघत असशील, म्हणून दिसत नसतील. मला दारातूनच दिसले आणि मी उभाच राहिलो. हँगरमध्ये असंच असतं. प्रत्येक हत्याराची जागा आखलेली, हत्यार उचललं की मागं रिकामा आकार दिसतो. काम संपलं की मोजायचं. एक स्क्रू ड्रायव्हर कमी भरला तर विमान जागचं हलत नाही, कारण तो इंजिनाच्या तोंडाशी राहिला असेल तर माणूस मेला. आणि हत्यार न्यायचं तर त्या खुंटीला आपल्या नंबराचा बिल्ला अडकवून न्यायचं, कुणाकडं आहे ते कळावं म्हणून.

बिल्ले तुमच्या गावात कुठले? आजींनी सांगितलं, पाना न्यायला आलेल्यानं पायातली एक चप्पल काढून खुंटीला टांगायची. एकच. पाना आणला की चप्पल मिळेल. भरउन्हात एका पायात चप्पल घालून लोक वावरात जात आणि ऑइल इंजिनाचं काम झालं की धावत परत येत. सरपंचालाही सूट नव्हती. एकदा म्हणे ग्रामसेवक बूट घालून आला आणि रुसून परत गेला.

आज त्या भिंतीवर सतरा आकार आहेत, सोळा पाने आहेत. सतराव्या खुंटीला एक काळी रबरी चप्पल आहे, टाच झिजलेली, पट्टा तारेनं जोडलेला. मी विचारलं, ही कोणाची? आजी म्हणाल्या, "तो पन गेला बाप्पा, आन् पाना पन गेला." आबाजींनी ती चप्पल काढू दिली नाही. हिशेब लागलेला नव्हता ना!

बाहेर विहिरीवरच्या इंजिनाजवळही वाकून बघितलं. नटाला दुहेरी पिळाची बारीक तार बांधलेली आहे, हलून सैल होऊ नये म्हणून. ही लॉकिंग वायर. पीळ सारखा हवा, तारेचं टोक आत वळवलेलं हवं, नाहीतर बोट फाटतं. तुमच्या गल्लीत आणखी किती इंजिनांना अशी तार आहे ते तू मोटरसायकल काढून एका सकाळी बघून ये. मी तीन मोजली आणि मग एसटीची वेळ झाली.

तेव्हा फलकावर असं लिही: नाव, त्याखाली 'सार्जंट, इंजिन फिटर, भारतीय हवाई दल, १९५६ ते १९७६', त्याखाली '१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लढाऊ विमानांची देखभाल'. १९७१ साली ते कुठं होते ते पेटीतल्या मेडलवरून नक्की करून घे आणि मगच ती ओळ रंगवायला दे. मेडलबद्दल खाली एका ताईंना लिहिलं आहे, ते वाच. सर्व्हिस नंबर टाकायला हरकत नाही. आम्हाला तो आईच्या नावासारखा पाठ असतो. 'युद्धवीर' मात्र काढ. वीरचक्र हा वेगळा शौर्यपुरस्कार आहे, कुणी जाणकार आला की नेमकं त्यावर बोट ठेवेल आणि काकांना भीती वाटते ते हसं तेव्हा होईल. जागा उरली तर 'गावातली ऑइल इंजिनं विनामोबदला दुरुस्त केली' हेही लिहा. आजी म्हणाल्या पैसे कधी घेतले नाहीत, फारच आग्रह झाला तर भुईमुगाच्या शेंगा घेत.

पेंटरची चिंता नको. त्याला मी फाट्यावर भेटलो. त्यानं अजून 'यु' सुद्धा काढलेला नाही.

एक राहिलं. हे विमानाचं वेड त्यांना कुठून लागलं, तेही आजींनीच सांगितलं. बारा वर्षांचे असताना ते ज्वारीच्या राखणीला रात्री वावरात झोपत. उत्तरेच्या आभाळात रोज रात्री एक दिवा सरकत जाई, घरचे म्हणत तारा तुटला. रोज त्याच वेळी, त्याच रस्त्यानं तुटणारा तारा पोराला पटला नाही. १९४९ साली रात्रीची टपाल विमानं सुरू झाली होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही ठिकाणांहून निघून मध्यरात्री नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्या बदलायच्या आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. मुंबईहून नागपूरला सरळ रेघ ओढ, ती आमच्या कारंज्याच्या जवळून जाते. पुढं तोच पोरगा दारव्ह्याहून शकुंतलेत, म्हणजे आमच्या छोट्या आगगाडीत, बसून मूर्तिजापूरला गेला आणि तिथून मुंबईला भरतीला. घरी सांगितलं होतं, सरकी विकायला चाललो.

प्रश्न : आमच्या गावात एक माजी वायुसैनिक वारले. आम्ही तरुणांनी पंधरा ऑगस्टचा तिरंगा आणून तिरडीवर घातला. एका शिक्षकांनी तो काढायला लावला, त्यावरून भांडण झालं. कोण बरोबर?
– मंडळाचा एक कार्यकर्ता, आर्णी तालुका

उत्तर : शिक्षक बरोबर. ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा पार्थिवावर घालायचा तो फक्त शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीत. खासगी अंत्यविधीत नाही, मग माणूस कितीही मोठा असो. इतमामात घालतात तेव्हाही केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात आणि अग्नी देण्याआधी ध्वज काढून घेतात. तो चितेत जाळायचा नाही. तुमची भावना चांगली होती, म्हणून फार बोलत नाही. पुढच्या वेळी त्यांची निळी टोपी घरात असेल तर ती उशाशी ठेवा, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला किंवा तालुक्यातल्या माजी सैनिकांना फोन करा. चार जण गणवेशातली मेडलं लावून आले, उभे राहिले, सॅल्यूट केला, तर घरच्यांना ते जन्मभर आठवतं. शिक्षकांशी भांडण मिटवा.

प्रश्न : माझ्या आजेसासऱ्यांच्या चार मेडल्स बिस्किटाच्या डब्यात सापडल्या. एक तांबूस चांदणीसारखी आहे, मध्ये मुकुट, 'बर्मा स्टार' असं इंग्रजीत. दुसऱ्यांवर राजाचं डोकं. ते हवाई दलात होते एवढंच माहीत आहे. चिंचेनं घासून उजळल्या तर चालेल का? आमचे दीर म्हणतात इंग्रजांच्या चाकरीच्या बिल्ल्यांचं काय कौतुक, मोडीत घाला.
– एक वाचक, मंगरूळपीर

उत्तर : ताई, चिंच अजिबात नको! राखही नको, पितळेच्या भांड्यांची पूडही नको. मेडलच्या कडेवर, चांदणी असेल तर मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. घासून घासून तेच पुसलं जातं, आणि मग ती मेडल कुणाचीही होते. मऊ, कोरड्या सुती कापडानं पुसा, भिंग घेऊन उजेडात कड वाचा आणि लिहून ठेवा. रिबिनी कुजल्या असतील तरी फेकू नका. बर्मा स्टारची रिबीन गडद निळी, मध्ये लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना नारिंगी रेघा, अशी असते. रंगावरून बाकीच्याही ओळखता येतात. राजाचं डोकं असलेल्यांच्या मागची बाजू बघा. एकीवर सिंह सापडेल, ती वॉर मेडल. एकीवर हिंदुस्थानचा नकाशा असेल तर ती इंडिया सर्व्हिस मेडल.

दीरांना सांगा, १९४४ साली जपानी सैन्य इंफाळ-कोहिमापर्यंत आलं होतं. इंफाळला वेढा पडला तेव्हा आपल्या पोरांचं 'क्रमांक एक' हे स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, हरिकेन विमानं घेऊन तिथंच होतं, अर्जन सिंग त्याचे प्रमुख. हेच पुढं १९६५ च्या युद्धात हवाई दलप्रमुख. मार्च १९४५ मध्ये इंग्रजांनी आपल्या हवाई दलाला 'रॉयल' अशी पदवी दिली आणि १९५० साली प्रजासत्ताक झाल्यावर आपण ती काढून टाकली. माणसं तीच होती, हँगरही तेच. इंग्रजांच्या दलात शिकलेल्या फिटरांनीच पुढच्या पोरांना शिकवलं आणि त्या पोरांनी आम्हाला. मोडीत घालायचं तर मलाही घालावं लागेल.

याच निमित्तानं पहिल्या पत्रातल्या नातवाला सांगतो. स्वातंत्र्यानंतरच्या मेडल्समध्ये १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी संग्राम मेडल बघ. त्याच्या जोडीला 'पश्चिमी स्टार' असेल तर आबाजी पश्चिम आघाडीवर, 'पूर्वी स्टार' असेल तर बांगलादेशाच्या बाजूला. १९७२ ची स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांची मेडल त्या वेळी नोकरीत असणाऱ्यांना मिळाली, तिचा युद्धाशी संबंध नाही.

प्रश्न : सासरे वारले, आता सासूबाईंची कुटुंब पेन्शन अडली आहे. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, सासूबाईंचं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. बँकेत तीनदा गेलो, दर वेळी नवा कागद मागतात.
– दिग्रस

उत्तर : बँकेत चौथ्यांदा जाऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. जाताना पीपीओ, डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला, दोघांचे आधार, पासबुक आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र न्या. नावदुरुस्ती आधी करून घ्या, कुटुंब पेन्शनचा अर्ज त्यानंतर. प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर पोच घ्या. सोबत सासूबाईंना न्या, पण सकाळी, आणि भाकर बांधून.

प्रश्न : मी सिंदेवाही तालुक्यात शिक्षक आहे. गावात १९७१ च्या युद्धातले एक वायुसैनिक आहेत, वय ऐंशीच्या वर. दर पंधरा ऑगस्टला त्यांना शाल-नारळ देतो, माइक देतो. ते 'जय हिंद' म्हणतात आणि बसतात. मुलांना घेऊन घरी गेलो, तरी 'काही नाही, नोकरी केली' एवढंच. त्यांच्या आठवणी लिहून ठेवायच्या आहेत. कसं बोलतं करावं?
– एक शिक्षक

उत्तर : सर, किती मुलं घेऊन गेला होतात? चाळीस असतील तर मीही गप्प बसलो असतो.

नवा भरती असताना एका वॉरंट ऑफिसरना मी जेवणाच्या रांगेत विचारलं होतं, "सर, एकाहत्तरमध्ये तुम्ही काय केलंत?" ते म्हणाले, "काम." आणि ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले. माझी चूक मला महिनाभरानं कळली. रात्रपाळीला ते इंजिनात वाकले होते आणि मी टॉर्च धरून उभा होतो. ते आपणहून बोलायला लागले, माझ्याकडं न बघता, दोन तास. मध्येच थांबून फक्त म्हणायचे, "उजेड डावीकडं."

म्हणून युद्धाबद्दल विचारू नका, हातांबद्दल विचारा. ब्लॅकआउटमध्ये नट कसा शोधायचा, टॉर्चला काय गुंडाळायचं, बोटं गोठली तर काय करायचं. भरतीला कुठल्या गाडीनं गेलात, घरी काय सांगून निघालात, पहिली मनीऑर्डर किती रुपयांची होती आणि पोस्टमननं ती कुणाच्या हातात दिली. एक तारीख मात्र सरळ विचारता येईल: ३ डिसेंबर १९७१ ची संध्याकाळ. त्या दिवशी अंधार पडता पडता अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर अशा कितीतरी तळांवर एकदमच बॉम्ब पडले, थेट आग्र्यापर्यंत. त्या संध्याकाळी आपण काय करत होतो हे त्या पिढीतला एकही एअरमन विसरलेला नाही. कुणाच्या हातात चहाचा मग होता, कुणी दाढी करत होता, एकाचा तर अर्धाच गाल झाला होता.

काही गोष्टी ते सांगणार नाहीत. आम्हाला शिकवलंच होतं की तळावरचं तळावर. पन्नास वर्षं झाली तरी ती सवय जात नाही. 'ठिकाणाचं नाव नका सांगू, थंडी होती का एवढंच सांगा,' असं म्हणा, मोकळं होतील. तारीख चुकली तर समोर दुरुस्त करू नका, वहीत बाजूला खूण करा. बायको हयात असेल तर त्यांना वेगळं विचारा, तेही आधी. पत्रावर पत्ता '५६ एपीओ', म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा नंबर, एवढाच, नवरा कुठं आहे ते माहीत नाही, आणि सारं गाव रेडिओभोवती. ते दिवस त्यांनी काढलेत, त्यांना एकदाही कुणी माइक दिला नसेल.

आत्ता जाऊ नका, धानाची कामं आहेत. चुरणं, म्हणजे मळणी, आटोपलं की दुपारच्या जेवणानंतर जा. दोनच मुलं न्या, त्यातलं एक मुलगी असू द्या, मुली उगाच मधे बोलत नाहीत. मोबाइल पंख्यापासून लांब ठेवा, नाहीतर सगळी घरघर येते. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख आणि गावाचं नाव तुम्ही बोला.

आणि सर, शाल नको. एक बिघडलेला टॉर्च न्या, जुना, पत्र्याचा, फिरकीच्या झाकणाचा. त्यांच्यासमोर खाटेवर ठेवा आणि मुलांना सांगून ठेवा, ते झाकण उघडेपर्यंत कुणी काही बोलायचं नाही.